बंबवाला आत कुठे आहे, ते फोनवरच्या ठिपक्याने का कळत नाही?

तुमचा प्रश्न असा, की जेवण आणणारा मुलगा दादरच्या कुठल्या सिग्नलला अडकलाय ते फोनवर दिसतं, मग आगीत शिरलेला जवान कुठे आहे ते बाहेर उभ्या अधिकाऱ्याला का दिसू नये? मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. विद्यार्थ्यांना घेऊन नेमकं हेच करायला गेलो होतो आणि तोंडावर आपटलो.

जीपीएसचे उपग्रह 20,000 किलोमीटर वर. तिथून येणारा सिग्नल इतका क्षीण, की दोन स्लॅब आणि त्यातल्या सळ्या त्याला पुरेशा होतात. आणि समजा पोचलाच, तरी ठिपका इमारतीवरच पडणार. ती तर साहेबांना समोर जळताना दिसतेच आहे! त्यांना हवा असतो मजला.

म्हणून आम्ही हवेचा दाब मोजणारा सेन्सर घेतला. एक मीटर चढलं की दाब साधारण 12 पास्कल उतरतो, म्हणजे मजल्यामागे 36 च्या आसपास. गिरगावात मावशीच्या चाळीचा जिना चढून पाहिला, आकडे झकास आले. मग एका विद्यार्थ्याच्या टॉवरमध्ये गेलो. यंत्र म्हणालं 36 मीटर, म्हणजे बारावा. समोरच्या दारावर पाटी 702! खालचे पाच मजले पार्किंगचे, ते कोणी मोजतच नाही. वॉचमन मनसोक्त हसला.

पुढची गंमत तर त्याहून वाईट. धूर शिरू नये म्हणून उंच इमारतींच्या जिन्यात पंख्याने हवा भरतात, तिथे दाब 50 पास्कलने वाढू शकतो. म्हणजे जवानाने जिन्यात पाय ठेवला रे ठेवला, की आमच्या स्क्रीनवर तो एक मजला खाली! बुटातला सेन्सर पावलं मोजतो म्हणावं, तर धुरात माणूस चालतो कुठे? भिंत चाचपत गुडघ्यांवर रांगतो. भिंतीपार जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावर नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेने ‘पॉइंटर’ नावाची यंत्रणा बनवली आहे. मला त्यातल्या त्यात तीच वाट खरी वाटते.

पण माझ्या हाती पैसे दिलेत तर मी आधी दोन साध्या गोष्टी घेईन. एक, जवान अर्धा मिनिट हललाच नाही तर कर्कश ओरडणारा अलार्म. दुसरी, दाराशी फळा आणि तो लिहायला एक माणूस: कोण, किती वाजता, कितव्या मजल्यावर, पाठीवरच्या बाटलीत श्वासासाठी हवा किती. 6 लिटरच्या बाटलीत 300 बार दाबाने, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण 300 पट दाबाने, ढोबळमानाने 1800 लिटर हवा मावते. श्वासाला मिनिटाला 40 लिटर धरले तर 45 मिनिटं. नळी ओढत जिने चढताना तेवढीही पुरत नाही. फळ्यावरची वेळ बघून बाहेरचा माणूस हाक मारू शकतो, ठिपका बघून नाही.

आमच्या सोसायटीत मी जिन्यात प्रत्येक मजल्यावर, फ्लॅट नंबरच्या खाली, जमिनीपासूनचा खरा मजला लाल रंगात रंगवून घेतलाय. रंगाचे पैसे सेक्रेटरींनी अजून दिलेले नाहीत.