वाचक विचारतात: नागराज भारी की ध्रुव?

प्रश्न: मामाच्या माळ्यावर हिंदी राज कॉमिक्सचा गठ्ठा सापडला. त्यातले हिरो नागराज न् सुपर कमांडो ध्रुव एकत्र आले की आधी एकमेकांनाच का हाणतात? आणि जिंकतं कोण? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: अरे मित्रा, यावरून आमच्या वाड्यात दोन पार्ट्या होत्या! जिंकत कुणीच नाही, तेच तर गणित आहे, नागराज १९८६ चा न् ध्रुव १९८७ चा, दोघांचे फॅन वेगळे, एकाला हरवलं तर निम्मी पोरं पुढचा अंक घेणारच नाहीत, म्हणून आधी गैरसमज, मग दणादण मारामारी, मग खरा व्हिलन दिसला की दोस्ती.

पण ती मारामारीच बघण्यासारखी असते. नागराजच्या मनगटातून सळसळत साप निघतात, वर विषारी फुंकार, आणि समोर ध्रुवकडे सुपरपॉवर म्हणावी अशी काहीच नाही, सर्कशीत वाढलेला पोरगा, पशुपक्ष्यांशी बोलतो, स्टारलाइनला, म्हणजे त्याच्या दोरीला लटकतो न् डोकं चालवतो. मी ध्रुवच्या पार्टीतला, हे एव्हाना कळलंच असेल.

राज कॉमिक्सचाच आणखी एक हिरो डोगा आला की मात्र खरी मजा. तो मुंबईचा, कुत्र्याचा मुखवटा, गुंडाला थेट गोळी घालणार, न् ध्रुव कुणाला मारायच्या विरोधात, म्हणजे इथलं भांडण गैरसमजाचं नाही, तत्त्वाचं. सगळे एकदम हवे असतील तर गठ्ठ्यात ‘कोहराम’ हा अंक शोध. नसलाच तर अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत चक्कर मार, आणि मामाला न विचारता गठ्ठा रद्दीत घालू नकोस बाबा.