ब्योमकेश बक्षी: आधी दूरदर्शनची जुनी मालिका पाहू की २०१५चा सिनेमा? शेवट कळल्यावर दुसरं बघण्यात काय उरतं?

आधी मालिका. सिनेमा नंतर, आणि घाई नसेल तर बराच नंतर. मालिका "फार संथ" आहे असं तुमचे मित्र म्हणतात, हे तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. त्या एका शब्दामुळे मी लिहायला बसले. गेली तीस वर्षं तो मी माझ्या मोठ्या भावाच्या तोंडून ऐकतेय.

१९९३ साल. आम्ही मिरजेला राहायचो. मी पाचवीत, दादा दहावीत. गुन्ह्यांचा माग काढणाऱ्या बंगाली ब्योमकेशच्या गोष्टींवरची बासू चटर्जींची ही मालिका बाबा कधी चुकवायचे नाहीत. त्या दिवशी 'रास्ते का काँटा' लागला होता. कलकत्त्यात माणसं चालता चालता भर रस्त्यात कोसळून मरतायत. बंदुकीचा आवाज नाही, मारेकरी कुणाला दिसत नाही आणि छातीत सापडते ग्रामोफोनची पिन. दुसरीकडे पेपरात एक छोटी जाहिरात येते: वाटेतला काटा काढून हवा असेल तर शनिवारी अमुक दिव्याच्या खांबाला टेकून उभे राहा. या सगळ्यातून वाचलेले आशुबाबू ब्योमकेशकडे येतात. वाचले कसे, तर छातीवरच्या खिशात घड्याळ होतं, पिन त्यात अडकली. ब्योमकेश शांतपणे एकेक विचारत जातो. त्या वेळी कुठे होतात? आजूबाजूला कोण होतं? काही ऐकलंत का?

आशुबाबूंचं सांगून झालं आणि आमची लाइट गेली.

आता ती भाग संपल्यावरच येणार, हे सगळ्यांना माहीत होतं. बाबांनी स्टीलच्या ताटलीत मेणबत्ती लावून टीव्हीवर ठेवली आणि म्हणाले, "आता तुम्हीच सांगा. त्यांनी सगळं दाखवलंय." दादा म्हणाला, कुणीतरी गच्चीवरून मारतंय. मी एकच शब्द बोलले. तो शब्द इथे लिहिणार नाही, तुम्ही अजून पाहिलेलं नाही. बाबांनी तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्या दिवसाच्या चौकोनात, दुधाच्या आकड्याखाली पेन्सिलीने लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी दादाच्या वर्गातल्या एका मुलाने, ज्याच्याकडे लाइट होती, त्याला शेवट सांगितला. माझा शब्द बरोबर निघाला.

तेव्हापासून दादाचं पालुपद एकच: "तुला आधीच कुणीतरी सांगितलं असणार." कोण सांगणार? आम्ही सगळे तो भाग पहिल्यांदाच बघत होतो. वर्ष संपलं तसं कॅलेंडर रद्दीत गेलं. बाबाही आता नाहीत.

मी हुशार होतेच. पण पाचवीतल्या मुलीला अंधारात बसून उत्तर सापडतं, कारण ते सापडेल असं ठेवलेलं असतं. शरदिंदु बंद्योपाध्यायांनी ब्योमकेशची ही पहिली गोष्ट १९३२ साली लिहिली आणि धागेदोरे वाचकासमोर उघडे मांडले. बासूदांनी ते तसेच राहू दिले. माणसं खोलीत बसतात, बोलतात. याला संथ म्हणतात? अहो, ती तुम्हाला विचार करायला दिलेली सवड आहे.

२०१५ साली दादा मला मुद्दाम दिबाकर बॅनर्जींचा सिनेमा बघायला घेऊन गेला. "आता बघ ब्योमकेश." महायुद्धातलं कलकत्ता, जपान्यांची धास्ती, अफूचा धंदा, आणि पहिल्याच भेटीत अजित, म्हणजे त्याचा पुढचा जोडीदार, ब्योमकेशच्या थोबाडीत देतो. मूळ 'सत्यान्वेषी' या गोष्टीत हे दोघं एका मेसमध्ये (तिथे भाड्याने राहायच्या खोल्याही असायच्या) एकाच खोलीत राहतात आणि ओळख हळूहळू वाढत जाते. दिसायला सिनेमा देखणा आहे. पण मध्यंतरात मी दादाला विचारलं, "सांग, कोण असेल?" तर म्हणाला, "कळेल की शेवटी." माझं नेमकं दुखणं हेच आहे. नव्यांना शेवटी सांगायची हौस फार, प्रेक्षकाला शोधू द्यायचा धीर नाही.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. केनेथ ब्रानाचा २०२२चा 'डेथ ऑन द नाईल' सुरू होतो पहिल्या महायुद्धाच्या खंदकात, का, तर त्यातला डिटेक्टिव्ह पोआरो याच्या मिशीमागे एक जखम आहे हे दाखवायला. अगाथा ख्रिस्तीला १९३७च्या कादंबरीत अशा कारणाची गरज पडली नव्हती. डिटेक्टिव्हला दुःख चिकटवलं की आपण त्याच्याकडेच बघत बसतो आणि टेबलावरच्या वस्तूकडे बघायचं राहून जातं. ब्योमकेश तर संसारी माणूस. (त्याची बायको सत्यवती मालिकेत आपल्या सुकन्या कुलकर्णींनी केलीय.) त्याला कुणी डिटेक्टिव्ह म्हटलेलंही खपत नाही, तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो.

शेवट माहीत असला तर काय उरतं? तो भाग मी आतापर्यंत सात-आठ वेळा पाहिलाय. आता माझं लक्ष फक्त ब्योमकेश झालेल्या रजित कपूरकडे असतं, आशुबाबू बोलत असताना तो कसा ऐकतो याच्याकडे.

बाकी, मालिकेचे सगळे भाग सारखे नाहीत. १९९७चे नंतरचे भाग मला तितके आवडत नाहीत, आणि सेट सगळीकडेच साधे आहेत. सिनेमात सुशांतसिंह राजपूतने नवखा, चुकत शिकणारा ब्योमकेश मनापासून केलाय, तेही नाकारणार नाही. आणि मी सांगितलेल्या क्रमाने गेलात तर एक तोटा आहे: मालिकेतला 'सत्यान्वेषी' हा भाग आधी पाहिला की सिनेमातलं थोडं लवकर उमगतं. तेवढं सोसा.

'रास्ते का काँटा' मात्र एकट्याने बघू नका. भावाला, बहिणीला, कुणालातरी शेजारी बसवा. आशुबाबूंचं सांगून झालं की तिथेच थांबवा आणि प्रत्येकाचं उत्तर कागदावर लिहून घ्या. खाली तारीख घाला, सह्या घ्या, आणि तो कागद रद्दीत जाऊ देऊ नका.