मृत्युंजय वाचून तू जे लिहिलंस त्याबद्दल

बाळा,

तुझं मृत्युंजयवरचं, म्हणजे त्या कर्णाच्या कादंबरीवरचं लिखाण काल रात्री वाचलं आणि आज सकाळी परत एकदा वाचलं. आधी हे सांगते की छान लिहिलंयस. गाइडमधून उतरवलेलं नाहीये, तू वाचताना रडलायस, चिडलायस, मध्येच पुस्तक मिटून बसलायस हे सगळं त्यात दिसतं. १९६७ साली हे पुस्तक आलं तेव्हापासून तुझ्या वयाच्या पोरापोरींचं हे असंच होत आलंय. तेव्हा सरांनी "फार भावनिक झालंय" असा शेरा मारला म्हणून तो भाग काढू नकोस, तोच तुझा स्वतःचा भाग आहे.

मी अडकले ते तुझ्या मेन वाक्यापाशी. "जो आपल्या माणसांच्या बाजूनं शेवटपर्यंत उभा राहतो तोच खरा, न्याय-अन्याय नंतर बघू." पुढचं सगळं तू या वाक्यावर रचलंयस, म्हणून जरा तिथंच थांबूया.

कर्णाची आपली माणसं कोण? तू त्याला वाढवणारे राधामाई आणि अधिरथबाबा, भाऊ शोण, बायको वृषाली आणि दुर्योधन या सगळ्यांना एकाच रांगेत बसवलंयस, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथंच झालाय. मूळ महाभारतातलं उद्योगपर्व काढून बघ, शिष्टाई फिसकटल्यावर कृष्ण कर्णाला आपल्या रथात घेतो आणि सांगतो की तू कुंतीचा थोरला मुलगा, चल, राजा हो. त्यावर कर्ण काय म्हणतो माहितीये? म्हणतो, मला बघून राधेला पान्हा फुटला, तिनं माझं मलमूत्र काढलं, तिच्या पिंडाला मी कसा नाही म्हणू? सगळी पृथ्वी दिलीत, सोन्याच्या राशी दिल्यात तरी हे नातं खोटं ठरवणार नाही. मला तर अख्ख्या महाभारतात याच्या तोडीचं दुसरं बोलणं आठवत नाही. राज्याच्या बदल्यात आईला नाकारायचं नाही, आणि ती आई कोण तर जिनं लंगोट धुतले ती. इथं मी शंभर टक्के तुझ्या बाजूनं आहे.

पण त्याच बोलण्यात पुढे तो आणखी एक गोष्ट कबूल करतो, दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून पांडवांना जे कडू बोललो त्याचा आता मला पश्चात्ताप होतोय. हे तू कुठंच घेतलं नाहीस रे. म्हणजे तू ज्याचं वकीलपत्र घेतलंयस तो स्वतःच म्हणतोय की एका ठिकाणी माझं चुकलं, आणि ते का चुकलं तर "आपल्या माणसाला" खूष करायला. राधेशी असलेली निष्ठा त्याला कुणाचं वाईट करायला लावत नाही, दुर्योधनाशी असलेली लावते. दोन्हीला निष्ठाच म्हणतात, पण दोन्ही एका मापानं मोजून कसं चालेल?

आता द्यूतसभा. तुझ्या अख्ख्या लिखाणात तिच्यावर अडीच ओळी आहेत आणि त्यातली दीड स्वयंवरात झालेल्या अपमानाची. तुला पटकन पुढे जायचं होतं हे कळतंय, हिरो तिथं नीट दिसत नाही. पण तिथंच थांबायला पाहिजे. द्रौपदी भर सभेत प्रश्न टाकते की युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? भीष्म म्हणतात धर्म फार सूक्ष्म आहे, म्हणजे उत्तर नाहीच. मोठमोठी माणसं माना खाली घालून बसलेली, आणि उठतो कोण तर विकर्ण, धृतराष्ट्राचा मुलगा, दुर्योधनाचा सख्खा भाऊ. आणि तो नुसता कळवळून बोलत नाही, मुद्दे मांडतो. जुगाराच्या नादात असलेल्या माणसानं केलेला व्यवहार धरायचा नसतो, ती एकट्या युधिष्ठिराची नाही, पाचांची बायको आहे, तो आधीच स्वतःला हरला होता, आणि तिला पणाला लावायचं शकुनीनं सुचवलं, म्हणून ती जिंकली गेलेली नाही. बास. आणि त्याला गप्प कोण करतं? दुर्योधन नाही, कर्ण. तू पोर आहेस आणि म्हाताऱ्यासारखा बोलतोस म्हणतो, आणि दुःशासनाला वस्त्रं काढायला सांगतो तोही कर्णच.

हे वाचून कर्ण आवडेनासा व्हायला पाहिजे असं मी म्हणत नाहीये. मला अजूनही तो आवडतो. शिवाजी सावंतांनी त्याला "मी" म्हणून बोलायला लावलंय त्यामुळे त्याची जखम आपल्याला आतून कळते, ती आधी कळते आणि मग त्याचं वागणं दिसतं, त्यामुळे आपण माफ करायला तयार होऊनच पुढचं पान उलटतो. कादंबरीत अशी सहा जणं बोलतात, कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. आता त्यात कोण नाही ते बघ. द्रौपदी नाही. जिच्यावर अन्याय झाला तिला एकही प्रकरण नाही. कादंबरी कर्णाची आहे, लेखकानं तसं ठरवलं, त्यात गैर काही नाही. पण वाचणाऱ्यानं तरी विचारायला हवं ना की बाई, तुझं काय म्हणणं?

आणि हो, विकर्णावर एक परिच्छेद लिहिच. सभेत खरं बोलला आणि तरी युद्धात भावांच्याच बाजूनं उभा राहिला. चौदाव्या दिवशी भीमानं त्याला मारलं आणि मारल्यावर भीमालाच हळहळ वाटली, कारण शंभरातला हा एक बोलला होता, पण भीमाची प्रतिज्ञा शंभरांची होती. याच्या उलट युयुत्सू, धृतराष्ट्राचाच दासीपुत्र, युद्ध सुरू व्हायच्या आधी युधिष्ठिरानं हाक दिली तेव्हा सगळ्यांदेखत पांडवांकडे निघून गेला. तो वाचला, पुढे पांडव राज्य सोडून निघाले तेव्हा कारभार त्याच्यावर सोपवून गेले. पण आपल्याकडे कुणी पोराचं नाव युयुत्सू ठेवलेलं बघितलंयस का? घर सोडून न्यायाकडे गेलेल्या माणसाचं आपल्याला कौतुक करता येत नाही, त्याच्याकडे बघताना कुठंतरी फितूर हाच शब्द मनात येतो. विकर्ण बरोबर, युयुत्सू बरोबर की दोघंही अर्धे, यावर मला स्वतःला अजून पक्कं ठरवता आलेलं नाही, तू ट्राय कर.

आता तुझं शेवटचं पान. ते तू सरांना दिलं नाहीस, फक्त मला पाठवलंस, म्हणून जपून बोलते. तू लिहिलंयस की आत्यानं आजोबांच्या जमिनीत हिस्सा मागितला, हक्कसोडपत्रावर सही करायला नाही म्हणाली आणि घर फुटलं, आणि तुझे बाबा कर्णासारखे शेवटपर्यंत काकांच्या पाठीशी राहिले. ते वाचून कर्ण तुला इतका का लागला ते मला कळलं.

दोन गोष्टी. पहिली नुसती माहिती आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलासारखा जन्मानं हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ सालीच केली, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींपुरती, मग २००५ साली देशभर कायदा झाला, आणि २०२० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा हक्क जन्मापासूनचाच, २००५ साली वडील हयात असायला हवेत असंही काही नाही. आजोबांनी स्वतः घेतलेली जमीन असेल आणि मृत्युपत्र नसेल तर तिथं मुलीचा मुलाइतकाच वाटा १९५६ पासून आहे. म्हणजे आत्यानं कुणाचं काही ओरबाडलं नाही. सातबाऱ्यावर स्वतःचं नाव राहू दे एवढंच ती म्हणाली. आपल्याकडे बहिणीनं चोळीबांगडीवर समाधान मानून सही करून द्यायची रीत आहे, दिली की ती गुणी आणि नाही दिली की माहेर बंद, आणि हे इतकं चालत आलंय की सही मागणाऱ्याला आपण काही मागतोय असंही वाटत नाही.

दुसरी गोष्ट तुझ्या लिखाणाची. त्या पानावर आजोबा आहेत, बाबा आहेत, काका आहेत, आजीचं रडणं आहे, तू स्वतः जिन्यात उभा राहून ऐकतोयस ते तर फारच सुंदर उतरलंय. आत्याचं एकही वाक्य नाही. "आत्यानं हिस्सा मागितला" यापलीकडे ती तुझ्या पानावर तोंडच उघडत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडे जाऊन ये. भाऊबीजेला बाबा जाणार नाहीत असं तू म्हणालास, तू जा, तू भाचा आहेस, तुला कुणी अडवणार नाही. जमिनीचा विषय तू काढू नकोस, कागद बघायला मागू नकोस, समजूत तर अजिबात घालू नकोस. जेव. ती बोलली तर ऐक, नाही बोलली तरी ठीक. बाबांना सांगून जा मात्र, लपूनछपून नको. ते चिडतील कदाचित, पण तुझ्या बाबांना मी जेवढं ओळखते त्यावरून सांगते की ते काकांच्या पाठीशी राहिले म्हणजे आतून शांत झोपत असतील असं मला वाटत नाही. कर्णाचं ते पश्चात्तापाचं वाक्य वाचताना मला तेच आठवले.

परत आल्यावर ते पान नव्यानं लिही. बाबांना व्हिलन करू नकोस, आत्याला देवी करू नकोस आणि निकाल तर देऊच नकोस, कोण काय बोललं आणि बोलताना हात कुठं होते एवढं लिहिलंस तरी पुरे. सरांना द्यायचं की नाही ते तुझं तू ठरव.

आणि लायब्ररीत इरावती कर्व्यांचं युगान्त मिळालं तर घेऊन ठेव, तेही १९६७ चंच. त्यात कर्णावरचा लेख आहे, 'मी कोण?' म्हणून. बाईंनी त्याला अजिबात सूट दिलेली नाही, तुला पहिल्यांदा राग येईल. राग येईल तिथं पेन्सिलीनं खूण कर (लायब्ररीचं पुस्तक आहे, हलक्या हातानं) आणि ती पानं मला फोटो काढून पाठव, त्यावर आपण भांडू.

तुझी,
मावशी