डच नावं तोंडात बसवताना

तुम्ही विचारलंय की नोकरीसाठी नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला जायचंय, ऑफिसात इंग्रजी चालतं, मग डच उच्चारांच्या मागे लागायचं का, आणि लागायचं तर सुरुवात कुठून करायची. मी आठ वर्षं उत्रेख्तला राहतेय. माझं म्हणणं: जरूर लागा. फक्त पाट्या इंग्रजीसारख्या वाचणं आधी सोडा.

निम्मी तयारी मराठीने करून दिलेली आहे. डचांचे त-द आपल्या त-दच्या जवळचे आहेत, ट-डच्या नाहीत. म्हणून 'रॉतरदाम', आणि जोर शेवटच्या 'दाम'वर. डब्ल्यू म्हणजे चक्क आपला व, पाणी म्हणजे 'वातर'. व्ही मात्र फ़कडे झुकतो. जे म्हणजे य: यान, योहान. शब्दाच्या शेवटी डी आला की त ऐकू येतो आणि शेवटच्या ई-एनमधला एन बरेच जण गिळतात, म्हणून तुमचं गाव 'ऐन्तहोव्ह'सारखं कानावर पडेल.

खरी मेहनत 'जी' या अक्षरावर. पहिल्याच महिन्यात प्लॅटफॉर्मवर एका आजींना मी विचारलं, "गौडाची गाडी हीच का?" त्यांना काही केल्या कळेना. तिकीट दाखवलं तेव्हा म्हणाल्या, "आ, ख़ाउदा!" हा आपला ख नव्हे. आपल्या खमध्ये हवा अडते आणि सुटते, इथे ती न अडता घासत राहते. गझल ऐकत असाल तर 'ख़याल'मधला ख़ आठवा. तुम्ही ब्राबांतात जाताय, आइंडहोव्हन त्याच प्रांतात आहे, तिथला ख़ मऊ असतो, जीभ जरा पुढे टाळूकडे, घसा खरवडायची गरज नाही. चित्रकार फ़ान ख़ॉख़, म्हणजे आपण म्हणतो तो व्हॅन गॉग, हाही ब्राबांतातलाच, 1853 साली झुंडर्टला जन्मलेला. एस-सी-एच आलं की 'स्ख़': विमानतळ 'स्ख़िपहॉल', द हेगचा समुद्रकिनारा 'स्ख़ेव्हनिंग'. हे दुसरं नाव म्हणायला लावून महायुद्धात जर्मन माणूस ओळखायचे, असं इथे सांगतात, कारण जर्मन लोक एस-सी-एचचा श करतात.

आता आपल्याकडे नसलेले स्वर. तिन्हींना एकच युक्ती आहे: ओठ शीळ घालताना करतो तसे गोल करा, जीभ हलवू नका. तशा ओठांनी 'ई' म्हटलंत की उत्रेख्तचा पहिला स्वर. 'ए' म्हटलंत की ई-यू या स्पेलिंगचा स्वर. 'ऐ' म्हटलंत की यू-आयचा. हा शेवटचा सर्वात आधी पक्का करा, कारण घर म्हणजे एच-यू-आय-एस, ते ह्यूस नव्हे आणि हाउसही नव्हे, आणि फॅमिली डॉक्टरसाठीच्या डच शब्दातही तोच स्वर आहे. मी आरशासमोर उभी राहून आठवडाभर तेवढंच घोकलं.

आणखी एक, फोनवर स्पेलिंग सांगायची वेळ पहिल्याच आठवड्यात येते. आमचं आडनाव काळे. मी इंग्रजीत सांगितलं: के, ए, एल, ई. दवाखान्यातून पत्र आलं ते 'केली' नावाने. डचमध्ये पहिल्या इंग्रजी अक्षराला 'आ' म्हणतात, 'ए' म्हटलं की ते ई लिहितात, 'ई' म्हटलं की आय लिहितात. जीला 'ख़े', जेला 'ये'. निघण्यापूर्वी आपलं नाव आणि आडनाव या अक्षरांत तोंडपाठ करून ठेवा.