दुकान इथे, पिन तिथे : नकाशावरच्या ठिकाणांबद्दल वाचक विचारतात

सीझन जवळ आला की आमच्याकडे नकाशाचे प्रश्न वाढतात, यावेळी तर व्हॉट्सअॅपवर ढीगच झालाय. सगळ्यांना जागा देता येत नाही, त्यामुळे सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं नेहमीप्रमाणे गाळलीत.

प्रश्न : दादा, आमची म्हार्दोळ भागात घरगुती खानावळ आहे. फोनवरच्या नकाशात आमचं नाव दिसतं पण पिन पडलीय देवळाजवळ, आणि आम्ही तिथून बरंच आत, वाड्यावर. माणसं देवळाकडे गाडी लावून फोन करतात, "आम्ही पोचलो, तुम्ही कुठे?" ही पिन आम्ही लावलेली नाही. कोणी लावली आणि हलवायची कशी?
(खानावळवाली, फोंडा तालुका)

उत्तर : ताई, बहुतेक कोणीच लावली नसणार. तुमचा पत्ता कुठल्यातरी यादीत होता, सॉफ्टवेअरने तो वाचला आणि त्यावरून अक्षांश-रेखांश काढायचा प्रयत्न केला, याला जिओकोडिंग म्हणतात. शहरातल्या सरळ रस्त्यांवर हे बऱ्यापैकी जमतं. आपल्याकडे घर नंबर पंचायतीचा, १२४ च्या बाजूला १२५ असेलच असं नाही, वाड्याचं नाव नकाशात असेल तर नशीब, मग सॉफ्टवेअर हात टेकतं आणि गावाच्या नावाने त्याच्याकडे जो एक बिंदू असतो तिथे तुम्हाला नेऊन बसवतं. तो बिंदू कधी देवळाकडे, कधी चर्चकडे, कधी तिठ्यावर. एकाच टिंबावर टेलर, प्लंबर आणि दाताचा डॉक्टर एकावर एक रचलेले दिसले की ओळखायचं, तिथे कोणी जाऊन बघितलेलं नाही.

आता हलवायचं. गूगल मॅप्सवर आपलं नाव उघडा, "हा व्यवसाय तुमचा आहे का" असं काहीतरी दिसेल, तिथून ताबा घ्या. हल्ली पडताळणीला बऱ्याचदा व्हिडिओ मागतात, म्हणजे बाहेरचा रस्ता, पाटी, आतलं स्वयंपाकघर असं चालत चालत दाखवायचं. पाटी नसेल तर आधी पाटी लावा, अगदी साधी चालेल. ताबा मिळाला की लोकेशनमध्ये जाऊन पिन हाताने सरकवा, सॅटेलाइट व्ह्यू लावून.

पण सरकवताना एक गोष्ट बघा, ही जवळजवळ कोणीच बघत नाही. पिन घराच्या कौलांवर ठेवू नका, गेटवर ठेवा. सॉफ्टवेअर रस्ता शोधताना पिनच्या सगळ्यात जवळचा रस्ता धरतं, आणि तुमच्या घराच्या मागून पायवाट किंवा दुसऱ्या वाड्याचा रस्ता जात असेल तर ते गिऱ्हाईकाला बिनदिक्कत मागच्या कुंपणापाशी नेऊन सोडेल. पिन बरोबर घरावर आहे तरी लोक चुकतात, असं सांगणाऱ्या निम्म्या लोकांचा घोटाळा हाच असतो.

आणि एवढ्यावर थांबू नका. अॅपलचा नकाशा वेगळा, मॅपल्स वेगळा, ओपनस्ट्रीटमॅप वेगळा, कोणी कोणाचं बघून आपोआप सुधारत नाही. अॅपलवरही आपल्या धंद्याची नोंद स्वतः सुधारता येते, ओपनस्ट्रीटमॅपवर तर कोणीही खातं काढून बदल करू शकतो. तुमचं जुनं फेसबुक पेज असेल तर त्यावरचा पत्तासुद्धा तपासा. २०२२ च्या डिसेंबरात अॅमेझॉन, मेटा (म्हणजे फेसबुकची कंपनी), मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनी ओव्हर्चर मॅप्स फाउंडेशन काढलं, त्यांच्या खुल्या डेटात ठिकाणांची माहिती मोठ्या प्रमाणात मेटाच्या पेजवरून येते, आणि तो डेटा उचलून बाकीचे लोक आपापली अॅपं बनवतात. म्हणजे तुमच्या पुतण्याने कधीकाळी घाईत टाकलेला पत्ता आज कुठल्या कुठल्या नकाशात बसला असेल सांगता येत नाही.

फक्त डबे पोचवत असाल आणि गिऱ्हाईक घरी येत नसेल तर पत्ता दाखवायचीच गरज नाही, सेवा कुठे कुठे देता ते गाव निवडून पत्ता लपवता येतो. घरी बायकामाणसं एकटी असतात, अशांना मी हेच सांगतो.

प्रश्न : आमची म्हापशाला बिस्किटं-फरसाणची एजन्सी आहे. बार्देस, तिसवाडी आणि डिचोली मिळून काही शे दुकानांची यादी एक्सेलमध्ये आहे. सेल्समनला रोजचे रूट लावून द्यायचे म्हणून ती नकाशावर चढवली, तर बरीच दुकानं गायब, काही भलत्याच गावात आणि काही चक्क नॉर्वेच्या वर समुद्रात! हसावं की रडावं कळेना.
(एजन्सीवाले, म्हापसा)

उत्तर : पात्रांव, नॉर्वेवाली दुकानं सगळ्यात सोपी. म्हापसा साधारण १५.५९ उत्तर आणि ७३.८१ पूर्व. हे दोन आकडे उलटे पडले की ७३ उत्तर, १५ पूर्व होतं, म्हणजे नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधला समुद्र. फोनवर पिन दाबून धरली की आधी अक्षांश मिळतो मग रेखांश, पण केएमएल आणि जिओजेसन या नकाशाच्या फाइलींमध्ये आधी रेखांश लिहितात, आणि क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश. कॉलमला नावं देताना "लॅट" आणि "लाँग" स्पष्ट लिहा. आणि एक चाळणी लावा : गोव्यातलं काहीही साधारण १४.९ ते १५.८ आणि ७३.६ ते ७४.४ च्या आतच हवं, बाहेरचं सगळं लाल करा. शून्य-शून्य असेल तर ती दुकानं आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात गेलीत, रकाना रिकामा राहिलाय एवढाच त्याचा अर्थ.

गायब झालेली दुकानं म्हणजे बहुतेक एक्सेलची करामत. घर नंबर १२/४ लिहिला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं, ९१ लावून लिहिलेला मोबाईल नंबर घात-बित लावून भलताच दाखवतं. हे कॉलम आधी "टेक्स्ट" करून मगच भरा. देवनागरी नावं असतील तर सेव्ह करताना सीएसव्ही यूटीएफ-८ निवडा, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं येतील.

भलत्या गावात गेलेली मात्र आपल्या गोव्याची खास भानगड. नागवा बार्देसात आहे आणि सासष्टीतही आहे. जुने गोवे आणि गोवा वेल्हा, दोन्ही तिसवाडीतच, पण एक मांडवीकाठी आणि दुसरं आगशीकडे, आणि रोमन लिपीतली नावं बघितली की मशीन गोंधळणारच, माणसंही गोंधळतात. म्हणून पत्ता एकाच रकान्यात कोंबू नका, वाडा, गाव, तालुका, पिनकोड असे वेगवेगळे कॉलम ठेवा.

खरं सांगायचं तर पत्त्यावरून बिंदू काढायच्या भानगडीत पडूच नका. तुमची माणसं प्रत्येक दुकानात तशीही जातात ना, मग पुढच्या फेरीत काउंटरसमोर उभं राहून लोकेशन पाठवायला सांगा. दशांशानंतर निदान पाच आकडे हवेत, पाच म्हणजे साधारण एक मीटर, तीन म्हणजे शंभरेक मीटर, आणि दोनच असतील तर एक किलोमीटरभर इकडे-तिकडे, त्यापेक्षा बिंदू नसलेला बरा. शिवाय दोन कॉलम जास्तीचे ठेवा : कोणी घेतलं आणि कुठल्या तारखेला. माझ्या मते अख्ख्या यादीत हे दोनच सगळ्यात मोलाचे, कारण दुकान हललं, बंद पडलं, मुलाने तिथे मोबाईल रिपेअरिंग काढलं हे तारखेशिवाय कळत नाही आणि मग वाद घालत बसायचं कोण खरं बोलतंय.

चढवायला गूगल माय मॅप्स पुरेल, एका लेयरला २,००० ओळी चालतात. तालुक्यावार किंवा सेल्समनवार रंग देता येतात. पण रूट तो लावून देत नाही, दुकानं कुठल्या क्रमाने घ्यायची ते तुम्हालाच ठरवावं लागतं. आपोआप क्रम हवा असेल तर क्यूजीआयएस शिकलेला एखादा पोरगा गाठा, ते फुकट आहे आणि त्यात ओपनरूटसर्व्हिसचं प्लगइन घालून क्रम काढता येतो. मात्र "जवळचं दुकान" सरळ रेषेने मोजू देऊ नका. दिवाडी जुन्या गोव्याच्या समोर दिसते पण पूल नाही, फेरीबोट पकडायची, फेरी गेली की व्हॅन धक्क्यावर उभी. दिवाडी आणि चोडणला वेगळा दिवस द्या.

प्रश्न : आमचा मांद्रे किनाऱ्यावर शॅक आहे. पावसाळ्यात सगळं काढून ठेवतो तरी जूनमध्ये लोक येतात आणि मग एक स्टार देतात "जागेवर काहीच नाही" म्हणून. दर वर्षी पिन काढून परत लावायची का?
(शॅकवाले, पेडणे)

उत्तर : काढू नका! काढलीत तर रिव्ह्यू, फोटो, सगळं गमावून बसाल आणि ऑक्टोबरात शून्यातून सुरुवात. मेअखेर शॅक उतरवला की प्रोफाइलला "तात्पुरतं बंद" करा, उभारला की परत चालू करा. "कायमचं बंद" चुकूनही दाबू नका, आणि दुसऱ्या कोणी तसं सुचवलं तर तुम्हाला कळायला हवं म्हणून नोटिफिकेशन चालू ठेवा. ओपनस्ट्रीटमॅपवर वेळेच्या रकान्यात महिनेसुद्धा लिहिता येतात, ऑक्टोबर ते मे असं एकदा टाकलं की दर वर्षी हात लावायला नको. दुसरं म्हणजे या सीझनला शॅकच्या जागांच्या वाटणीत तुमची जागा बदलली तर पिन नवीन जागी न्या, गेल्या वर्षीच्या जागी दुसराच कोणी बसलेला असतो आणि त्याची गिऱ्हाइकं तुम्हाला शिव्या घालतात.

याच्यातच दुसऱ्या एका पत्राचं उत्तर देतो. मडगावचे एक हार्डवेअरवाले विचारतात की दुपारी एक ते साडेतीन आम्ही बंद असतो, नकाशा मात्र सकाळी नऊ ते रात्री आठ उघडं दाखवतो. दिवसाला दोन वेळा टाकता येतात हो, नऊ ते एक आणि साडेतीन ते आठ. बाहेरगावच्या माणसाला आपली दुपारची झोप माहीत नसते, नकाशाला तर अजिबातच नाही.

प्रश्न : आम्ही कॉलेजची मुलं साखळी-डिचोली परिसराचं अॅप बनवतोय. देवळं, जुनी घरं, पोदेर (पाववाले), खाजेवाले, चहाची दुकानं. गूगलवरून यादी कॉपी करून घेतली तर चालेल का? आणि नावं मराठीत दिसतील का?
(विद्यार्थी, डिचोली तालुका)

उत्तर : नाही चालणार. गूगलचा डेटा बघायला फुकट असला तरी उचलून आपली यादी करायला फुकट नाही. पैसे भरून त्यांची सेवा घेतली तरी ठिकाणाचा ओळख-क्रमांक साठवता येतो, पण अक्षांश-रेखांश ३० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. आणि तिथून बघून ओपनस्ट्रीटमॅपवर तर मुळीच टाकू नका, ते लोक असा डेटा शोधून काढून टाकतात.

उघडे पर्याय आहेत. ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून चालू आहे, त्यातला डेटा श्रेय देऊन वापरा, मात्र त्यात भर घालून तयार केलेला डेटाबेस लोकांसमोर आणलात तर तोही त्याच अटीवर खुला ठेवावा लागतो. ओव्हरपास टर्बो नावाचं साधन आहे, नकाशावर साखळी आणून ठेवा, देवळं मागा, फाइल उतरवा, झालं. फोरस्क्वेअर या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जगभरातली दहा कोटींहून जास्त ठिकाणं खुली केली आणि त्याच्या अटी आणखी सैल आहेत. ओव्हर्चरच्या प्रत्येक ठिकाणाला शून्य ते एकमध्ये भरवशाचा आकडा असतो, कमी आकड्यावाली बाजूला काढा.

पण मुलांनो, हे सगळं उतरवून बघा आणि मग सांगा त्यात किती पोदेर मिळाले. हॉटेल, एटीएम, पेट्रोल पंप भरपूर असतात, कारण ती माहिती टाकणाऱ्याला त्यातून धंदा असतो. भट्टीवाला पोदेर, खाज्यांची वळई लावणारा, संध्याकाळी उभा राहणारा गाडा, यांची नोंद कोणी करत नाही. तुमचं अॅप लोकांनी उघडावं असं वाटत असेल तर तेच गोळा करा, बाकीचं आधीच सगळीकडे आहे. स्ट्रीटकम्प्लीट किंवा एव्हरी डोअर, ही ओपनस्ट्रीटमॅपवर माहिती भरायची अॅपं, फोनवर घाला आणि रविवारी फिरा. परवानगीची भीती नको, फेब्रुवारी २०२१ पासून भारतीयांना नकाशाचा डेटा गोळा करायला आगाऊ मंजुरी लागत नाही, संरक्षणाच्या वगैरे जागा सोडून. गाडेवाल्याचा खाजगी मोबाईल नंबर मात्र त्याला विचारल्याशिवाय टाकू नका.

नावांचं म्हणाल तर ओपनस्ट्रीटमॅपवर मुख्य नावाशिवाय मराठीचा आणि कोंकणीचा वेगळा रकाना असतो, दोन्ही भरा. रोमन स्पेलिंगवरून अंदाजाने देवनागरी करू नका, देवळाच्या कमानीवर काय लिहिलंय ते बघून तसंच टाका.

प्रश्न : सत्तरी आणि मोलेकडे बाईकवर जातो, रेंज जाते आणि नकाशा पांढरा होतो. उपाय?
(वाचक, वास्को)

उत्तर : जीपीएसला रेंज लागत नाही, नकाशाला लागते. घरच्या वायफायवर ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड घालून गोवा उतरवून ठेवा. आतल्या भागात त्यावर दुकानं विरळ आहेत, त्यामुळे निघायच्या आधी पेट्रोल पंप, पंक्चरवाला आणि जवळचं आरोग्य केंद्र स्वतःच पिन करून ठेवा. पिनच्या नावात तारीख टाका, आणि पंप चालू आहे का ते जाताना विचारून घ्या.