लाल विंचू काळ्या इंगळीपेक्षा बरा असतो का?

पन्हाळ्याच्या पायथ्याला जुनं घर घेतलंय, पडवीत बोटाएवढा तांबूस विंचू निघाला, काळ्या इंगळीपेक्षा हा बरा ना, असं तुम्ही विचारलंय. नाही हो, नेमकं उलटं आहे.

आकार बघू नका, चिमटे आणि शेपूट बघा. इंगळी दांडगी, पण तिचा भर जाडजूड चिमट्यांवर; किडा धरला की चिरडून टाकते. लाल विंचवाचे चिमटे काडीसारखे, शेपूट मात्र जाड. त्याचं सगळं काम नांगीवर चालतं. शास्त्रीय नाव हॉटेनटोटा टॅम्युलस, लांबी 5 ते 9 सेंटिमीटर.

आमच्याकडे तो बांधावरच्या दगडाखाली, जांभ्याच्या भेगांत आणि शेणीच्या हुडव्यात, म्हणजे गोवऱ्यांच्या रचलेल्या ढिगात, हमखास सापडतो. दिवसा गप्प, रात्री झुरळं, रातकिडे टिपायला बाहेर. एकदा हुडवा मोडताना मादी दिसली, पाठीवर पांढुरक्या पिल्लांची दाटी. विंचू अंडी घालत नाही, पिल्लंच जन्माला येतात आणि पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवरच बसतात. माझ्या हातातली शेणी तशीच राहिली.

याचं विष मज्जातंतूंमधली सोडियम आत यायची दारं उघडीच ठेवतं. मग अंगात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोट येतो, रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. म्हणून ‘ठणका कमी आहे, उतरेल’ म्हणून घरी बसू नका. दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं ही खरी खूण, आणि लहान पोरांना धोका जास्त. पण खुणांची वाट बघायची नाही, डंख बसला की थेट सरकारी दवाखाना. मंत्र, चिरा, आवळपट्टी यातलं काहीही नको. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी 1980च्या दशकात रक्तदाबाची साधी गोळी, प्राझोसिन, यावर वापरून दाखवली आणि कोकणातले कितीतरी जीव वाचले. डंखानंतर टोचायची विंचवाच्या विषावरची लसही आता मिळते.

घर तपासायचं असेल तर नोटा बघायची निळी-जांभळी बॅटरी घ्या. अंधारात विंचू हिरवट चमकतो. नुकती कात टाकलेला मात्र चमकत नाही, तेवढं ध्यानात ठेवा. आणि पडवीत शेण्या, लाकडं रचली असतील तर उद्याच बाहेर हलवा. आधी काठीने खाली पाडा, मग हात लावा.