खारे बांगडे काट्यापाशी का नासतात

ताई, तुम्ही लिहिलंय की एप्रिलमध्ये पुण्यात दोन किलो बांगडे साफ करून मीठ चोळलं आणि लगेच गच्चीवर उन्हात टाकले. चार दिवसांत कडकडीत झाले, पण जूनमध्ये डबा उघडला तर काट्यापाशी ओल, कुबट वास आणि वर गुलाबी डाग. ऊन कमी पडलं का, असं विचारताय. शिवाय कोळीवाड्यातल्या बोंबलांना तर मीठही लावत नाहीत, मग बांगडाच का नासला?

ऊन कमी नाही पडलं, लवकर पडलं. बोंबील मुळात पातळ. वर्सोव्याला वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगतात, चारी बाजूंनी समुद्राचा वारा लागतो, पाणी भराभर उडतं. बांगडा जाड आणि तेलकट. तो ओला असतानाच कडक उन्हात टाकला की वरचं मांस आवळतं आणि आतलं पाणी आत कोंडतं. हाताला कडक लागतो म्हणून आपण डब्यात भरून मोकळे होतो.

आमच्या मालवणच्या घरी आई बांगडा पाठीतून चिरायची. डोक्यापासून शेपटीपर्यंत काट्याला लागून सुरी फिरवायची आणि पुस्तकासारखा उघडायचा, पोटाची बाजू जोडलेलीच. आतडी, कल्ले काढले की काट्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ दिसते. ती अंगठ्याच्या नखाने पार खरवडायची. तुमचा वास बहुतेक तिथूनच सुरू झालाय. मग मिठवणीत, म्हणजे मिठाच्या पाण्यात, खळबळून घ्यायचा.

मीठ खडेमीठच घ्या. बारीक मीठ वरवरचं मांस पटकन आवळून टाकतं, मग बाकीचं मीठ आत जायला अडतं. साफ केलेल्या किलोभर बांगड्याला 250 ते 300 ग्रॅम. बरणीच्या तळाला मीठ, त्यावर बांगडे कातडी खाली करून, परत मीठ, असे थर. फक्त शेवटच्या थराची कातडी वर. त्यावर ताटली आणि वजन. आमच्याकडे वरवंटा असायचा. काही तासांत माशाचंच पाणी सुटतं आणि बांगडे त्यात बुडतात. बुडलेलेच राहू देत, दोन दिवस. मधे तळाशी बघा, मिठाचे खडे दिसले पाहिजेत. सगळे विरघळले असतील तर आणखी मीठ घाला.

हे दोन दिवस बरणी फ्रीजमध्ये ठेवा. आई ठेवत नसे, पण तिचा बांगडा सकाळी होडीतून उतरलेला असायचा आणि तुमचा बाजारात किती तास पडून होता कोण जाणे. बांगडा उबेत राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. ते मिठाने जात नाही, तळूनही जात नाही. म्हणून बर्फातला, लालबुंद कल्ल्यांचाच बांगडा घ्या.

मग मिठवणीत एकदा बुचकळून निथळवा. पहिले दोन-तीन तास सावलीत, वाऱ्याला. नंतर ऊन. जमिनीवर नको, जाळीवर, म्हणजे खालूनही वारा लागतो. वर मच्छरदाणीचा तुकडा हवाच, पहिल्या दिवशी माशा फार बसतात. संध्याकाळी आत आणून एकावर एक रचा आणि वर वजन ठेवा. रात्रभरात आतली ओल बाहेर येते, सकाळी हाताला जाणवते. असं चार-पाच दिवस. काट्याजवळच्या जाड भागावर अंगठा दाबायचा. ठसा उमटला तर अजून एक ऊन.

गुलाबी डाग म्हणजे मिठातच जगणारे जीवाणू. मिठागरातल्या मिठाबरोबरच येतात. वास आलाय म्हणता, तर सगळे फेका आणि त्यातलं उरलेलं मीठही परत वापरू नका.

जूनचं म्हणाल तर दोष डब्याचाही आहे. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढायला लागतं. चांगला सुकलेला बांगडासुद्धा सैल झाकणाच्या डब्यात आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी, ओलावतो. आमची पावसाळ्याची बेगमी चुलीवरच्या शिंक्यात असायची, धूर आणि ऊब सतत. फ्लॅटमध्ये चूल कुठली? दोन-दोन बांगडे कागदात गुंडाळून घट्ट पिशवीत भरा आणि फ्रीजरमध्ये टाका. यात कमीपणा मानू नका, मी स्वतः तेच करतो.

आणि गच्चीवर घालण्याआधी शेजाऱ्यांना सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या जाळीचा फोटो आला, खाली अठरा प्रतिक्रिया. त्यातल्या एकीने मात्र खाजगीत विचारलं, विकणार का म्हणून.